शांत मोरचूद

"म्हाळ्या, तुझी खळ शेळ्यांना लई गोड लागली म्हणं!"

हैबत अण्णांनी असं म्हटलं आणि इसाकचाचाच्या हॉटेलात बसलेली सगळी मंडळी खिदळली. इसाकचाचा तर चहा गाळता गाळता इतका हलला की निम्मा चहा गाळणीबाहेर. हसायचा हक्क त्याला होताच. शेळ्या त्याच्याच होत्या.

झालं होतं असं, की म्हसोबाच्या जत्रेतल्या कुस्त्यांची पोस्टरं मी मैद्याच्या खळीनं गावभर चिकटवली होती. सकाळी बघतो तर एकाही पैलवानाला मुंडकं नाही. शेळ्यांनी मुंडकी खाल्ली, लंगोट तेवढे ठेवले.

"चार दिवसांनी गावात रोग पसरंल बघा," मी म्हणालो. "सगळ्या शेळ्या दंड थोपटायला लागतील."

"विषय बदलू नगंस. पेंटर हायेस का आचारी?" अण्णा म्हणाले.

ह्याला आता पंधरा-सोळा वर्षं होऊन गेली. तेव्हा मी चाळिशीत होतो, भिंती रंगवायचो, पोस्टरं चिकटवायचो आणि उरलेल्या वेळात लोकांच्या खोड्या काढायचो. खरं तर उरलेल्या वेळात भिंती रंगवायचो. विट्याकडचं आमचं गाव, द्राक्षबागांचं. आणि हैबत अण्णा म्हणजे हैबतराव खराडे, स्टँडसमोरच्या खराडे कृषी सेवा केंद्राचे मालक. पांढरी टोपी, पांढरी पँट, पांढऱ्या चपला. माणूस इतका स्वच्छ की बघणाऱ्यालाच आपण आंघोळ केली नाही असं वाटावं. गावात कुणाची बाग बिघडली, की अण्णा पान उलटं करून बघायचे, सुलटं करून बघायचे आणि म्हणायचे, "औषध बरोबर हाय. हात चुकला." औषध त्यांच्या दुकानातलं. हात मात्र प्रत्येक वेळी दुसऱ्याचा.

"अण्णा," मी म्हणालो, "खळीत मी मोरचूद घालतो. बाप घालायचा, मी पण घालतो. मोरचूद घातलं की खळीला कीड लागत नाही, उंदीर येत नाही, आणि शेळीनं एकदा जीभ लावली की ती जन्मभर त्या भिंतीकडं पाठ करून उभी राहते. असलं कडू."

"मग?"

"मग ह्या वेळंचं मोरचूद तुमच्या दुकानातलं होतं."

हसणं थांबलं. अण्णांनी बशीतला चहा शांतपणे संपवला, मिशी पुसली.

"आरं, माझं मोरचूद मोठ्या बागांसाठी असतंय. शुद्ध केल्यालं. त्याला कडू वास न्हाई, आग न्हाई. ईचार कुणालाबी. माझ्या मोरचुदात कंचा विळा लाल झालाय?"

आणि खरंच सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता ही विळ्याची भानगड सांगायला पाहिजे. द्राक्षावर डावणी पडते, डावणी म्हणजे बागेचा कर्दनकाळ. पानावर तेलाचे डाग, मागनं पांढरी बुरशी आणि घड जागेवर सडतो. तिला अडवायला मोरचूद आणि चुना यांचं पाणी करून फवारतात, त्याला म्हणायचं बोर्डो. चुना कमी पडला तर पान भाजतं. मग चुना पुरला का नाही हे कळायचं कसं? आमच्याकडं रीत अशी, की त्या पाण्यात घासलेला विळा बुडवायचा. पात्यावर लाल थर चढला तर औषध तापट, घाल अजून चुना. विळा स्वच्छ निघाला तर जमलं, चढव पंप पाठीवर.

अण्णांच्या मोरचुदात दोन वर्षांत कुणाचाही विळा लाल झाला नव्हता. कुणी चुना कमी घातला, कुणी अंदाजानं घातला, एकानं तर भुकटीऐवजी खडे टाकले, तरी विळा लखलखीत! गावानं त्याचं नाव ठेवलं शांत मोरचूद. अण्णांनी दुकानावर पाटी लावली, 'विळा लाल न होण्याची गॅरंटी'. ती पाटी मीच रंगवली होती.

"चुना घातल्यावर कुणाचाबी विळा स्वच्छच निघतोय," मी म्हणालो. "चुन्याचा कण न घालता नुसत्या मोरचुदाच्या पाण्यात बुडवून दाखवा. लाल झाला न्हाई तर मिशी काढतो."

"तुझी मिशी घिऊन मी काय करू? कान कोरू?"

लोक पुन्हा हसले. पण अण्णा विचार करत होते. मला त्यांचा विचार दिसत होता, कारण ते समोरच्या स्वतःच्या दुकानाच्या भिंतीकडं बघत होते. स्टँडच्या बाजूची ती लांबच लांब भिंत. एसटीतनं उतरणाऱ्या माणसाला दुसरं काही दिसतच नाही. दिवाळीपास्नं तिच्यावर फुकटात जाहिरात रंगवून घ्यायला ते माझ्या मागं लागले होते.

"ऐक," अण्णा म्हणाले. "माझं मोरचूद, पाणी बोअरचं, चुना नाही. विळा लाल झाला न्हाई, तर त्या भिंतीवर तुझ्या रंगानं, हातभर अक्षरांत लिवायचं. म्हाळू पेंटर पैज हरला. हैबतराव खराडे यांच्या मोरचुदात चुन्याचा कण नसतानाही विळा लाल होत नाही. एक शब्द गाळायचा न्हाई. आणि ऑइलपेंटनं. पावसानं जायाचा रंग चालणार न्हाई."

"आणि लाल झाला तर?"

"तू सांग."

"तर तुम्ही इसाकचाचाची शेळी खांद्यावर घेऊन गावात फिरायचं आणि प्रत्येक बिनमुंडक्याच्या पैलवानापुढं थांबून तिच्या वतीनं माफी मागायची."

"कबूल!"

"कंची शेळी?" इसाकचाचानं काळजीनं विचारलं. "पांढरी गाभणी हाय."

टाळी झाली. दिवस ठरला रविवार, जागा दुकानापुढं. रविवार अण्णांनीच ठरवला, कारण त्या दिवशी तिथं माणसं जमणारच होती. त्या दिवशी मालनवैनीची बैठक होती.

मालनवैनी माझ्या शेजारीण. त्यांचे मालक सुबराव तिकडं कोईमतूरला गलाईवाले. सोन्याचांदीचा चुरा वितळवून शुद्ध करायची भट्टी होती त्यांची. आमच्या भागातली निम्मी माणसं असल्या भट्ट्यांवर देशभर पसरलेली. सुबराव वर्षातनं एकदा यायचे. बाग वैनीच बघायच्या, आणि सात-आठ वर्षं झकास बघत होत्या. पण मागच्या हंगामात डावणी आली, ह्या हंगामात पुन्हा आली. वैनींचा दीर तात्या वाटच बघत होता. त्यानं कोईमतूरला फोन लावला, की दादा, वैनीला औषध कालवता येत न्हाई, बाग माझ्या हवाली कर, न्हाईतर पुढच्या साली नुसते खांब उरतील. सुबराव म्हणाले, हैबत अण्णा म्हणतील तसं करा. म्हणजे रविवारी न्यायाधीश कोण? हैबत अण्णा. आणि अण्णांचा निकाल तर पाठच होता. औषध बरोबर हाय, हात चुकला.

शनिवारी मी वैनींच्या बागेत गेलो. त्या वाकून डागाची पानं तोडत होत्या. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"वैनी, उद्याला तुमचा विळा पाहिजे."

"कशाला?"

"पैजंला."

आता बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, पाणी असतं तर बरं झालं असतं.

"म्हाळूभावजी, लाज वाटतीया का? उद्या माझ्या हातनं बाग जायाची वेळ आलीया. चुना हातानं चाळला मी, बादली पलाष्टिकची घेतली, प्रत्येक खेपंला विळा बुडवून बघितला. एकदाबी लाल न्हाई. तरीबी माझाच हात चुकला म्हणत्यात. आणि तुम्हांला त्याच दिवशी खेळ सुचतोय?"

"अण्णा म्हणतात विळा चांगल्या मापाचा पाहिजे. गावात तुमच्यासारखा विळा—"

"जावा हितनं."

मी उभाच राहिलो. वैनींनी थोड्या वेळानं विळा माझ्या पायाशी टाकला. पायावर टाकायचा विचार असावा, नेम चुकला.

मला तेव्हा त्यांना सगळं सांगता आलं असतं, असं तुम्ही म्हणाल. पण माझी एक अडचण होती. मी खोटं बोललो की गाव हसायचं, आणि खरं बोललो की टाळी मागायचं. सरपंचाच्या विहिरीत मगर आहे असं मी एकदा उठवलं होतं, तेव्हापासून माझ्या तोंडचा शब्द म्हणजे नुसती करमणूक. वैनींनी माझ्या भरवशावर बैठकीत तोंड उघडलं असतं, तर तात्यानं पहिला प्रश्न विचारला असता, "हे तुम्हांला कुणी सांगितलं?" आणि म्हाळूनं, असं म्हटल्यावर बाग तिथंच गेली असती.

रविवारी दुकानापुढं ही गर्दी. अण्णांनी सतरंजी घातलेली, स्वतःला खुर्ची, तात्याला खुर्ची. वैनी बाजूला खांबाला टेकून उभ्या. इसाकचाचा पैजेची शेळी घेऊन हजर. तात्या म्हणाला, "आधी घरचा विषय घ्यायचा का?"

"आधी करमणूक होऊ दे," अण्णा म्हणाले. "घरचा विषय काय, दोन मिंटांचा हाय."

हे वैनींच्या समोर म्हणाले. दोन मिंटांचा.

मी पांढरी प्लॅस्टिकची बादली घेतली, लोकांना आतनं बाहेरनं दाखवली. अण्णांच्या नोकरानं नवी पिशवी फोडली, निळे खडे पाण्यात पडले. पाणी असं सुंदर निळं झालं की गौरीला नेसवावं. विळा मी सगळ्यांसमोर पॉलिश पेपरनं घासला, पार आरशासारखा. मग वर धरला.

"अण्णा, अजून ईचार करा. पांढरी गाभणी हाय."

"बुडीव रे!"

बुडवला. बायका टाचा उंचावून बघायला लागल्या. मी मुद्दाम वेळ लावला. अर्धी माणसं श्वास रोखून उभी होती, बाकीची अर्धी शेळीकडं बघत होती. मग विळा बाहेर काढला.

लखलखीत. जसा गेला तसा आला.

काय तो आरडाओरडा! कुणीतरी फटाके वाजवले, जत्रेतले उरलेले. नोकरानं अण्णांच्या गळ्यात हार घातला, म्हणजे हार आधीच आणून ठेवला होता. तात्यानं शिट्टी मारली. मी पुन्हा बुडवला, पुन्हा काढला, पार रडवेलं तोंड केलं. तिसऱ्यांदा बुडवायला गेलो तेव्हा अण्णांनी माझा हात धरला.

"बास. हरलास."

"हरलो," मी म्हणालो. "च्यायला, हरलो. पंचांनो, सगळ्यांनी बघितलं न्हवं? चुना न्हवता न्हवं? घासला व्हता न्हवं विळा?"

"व्हय, व्हय!" सगळं गाव ओरडलं.

"मग शिडी आणा."

"आत्ता?" अण्णा म्हणाले. "बैठकीनंतर लिव की."

"अण्णा, हरलेल्या माणसाला झोप लागत न्हाई. फेडू द्या."

शिडी तर मी सकाळीच भिंतीला टेकवून ठेवली होती. रंगाचा डबा वर अडकवलेला. निळा. मी चढलो आणि पहिली ओळ काढली. अक्षर माझं पहिल्यापास्नं चांगलं.

म्हाळू पेंटर पैज हरला.

टाळ्या! इसाकचाचानं शेळीला मिठी मारली. मी शिडी सरकवली, दुसरी ओळ.

हैबतराव खराडे यांच्या मोरचुदात

"नाव जरा मोठं काढ," अण्णा खालनं म्हणाले. मी मोठं काढलं. पुन्हा टाळ्या. तिसरी ओळ.

चुन्याचा कण नसतानाही

इथं मी थांबलो. ब्रश पुसला. बिडी पेटवली. लोक वाचत होते. आमच्या गावाला ऐकून काही कळत नाही, पण भिंतीवर लिहिलेलं मात्र ते दोन-दोनदा वाचतं. खाली कुणीतरी तिसरी ओळ पुन्हा मोठ्यानं वाचली, ह्या वेळी टाळी नाही.

"अण्णा," मालनवैनींचा आवाज आला. बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला. "एक ईचारू?"

"आता तुझाच विषय घ्यायचा हाय बाई."

"चुना घातला की विळा लाल हुत न्हाई. बरं. पण चुना नसताना का हुत न्हाई?"

"शुद्ध माल हाय म्हणून."

"म्हंजी कसला शुद्ध? विळ्यावरचा तो लाल थर कशाचा असतोय, अण्णा?"

अण्णांनी हार सारखा केला. "कशाचा म्हंजी? गरमीचा."

"तांब्याचा असतोय तो," वैनी म्हणाल्या. "मी कोईमतूरला भट्टीवर दोन वर्षं राह्यलेय. तांबं वळखायला मला कुणी शिकवायला नगं. मोरचुदातलं तांबं लोखंडाला धरतंय. डावणीला मारतंय ते बी तेच तांबं. चुना घातला की ते दमानं घेतंय, म्हणून विळ्याला धरत न्हाई." त्या थांबल्या. आता त्या अण्णांशी बोलत नव्हत्या, स्वतःशीच हिशेब जुळवत होत्या. "पण चुना नसताना त्यानं धरायलाच पाहिजे. मग न्हाई धरलं... तर ते हाय कुठं?"

नुसती शेळी ओरडली.

मी शिडीवरनं खिशात हात घातला आणि एक खडा खाली टाकला. माझ्या बापाच्या वेळच्या डब्यातला, तळाला राहिलेला, जुना, धूळ बसलेला.

"वैनी, बादली धुवा आणि ह्यो टाका. खडा टाकल्यावर हात धुवा, ईख हाय. बापाच्या येळचं हाय, त्याला अजून शांत व्हायचं कुणी शिकवलं न्हाई."

वैनींनी बादली धुतली, नवं पाणी घेतलं, खडा काठीनं ढवळला. पाणी फिकट निळं झालं, मघासारखं नेसवण्याजोगं नाही. तोच विळा. पातं आत गेलं, आणि दहा माणसं वाकून बघत होती तोवर बाहेर आलं.

लाल. नव्या पैशासारखं लालभडक.

"आईच्यान!" कुणीतरी म्हणालं.

खरी गोष्ट मला शेळ्यांनी पोस्टरं खाल्ली त्या सकाळीच कळली होती. मी खळ लोखंडी सळीनं ढवळतो. जन्मभर माझी सळी मोरचुदानं तांबूस असायची, आणि त्या दिवशी बघितलं तर चकचकीत. डब्याच्या कडेला निळा रंग मात्र चिकटलेला, कपड्याला लागला तर न जाणारा. अण्णा कुठलंसं स्वस्तातलं पांढरं खत निळ्या रंगात बुडवून विकत होते. शेळ्यांना बिचाऱ्यांना वाटलं असेल, ह्या वर्षी म्हाळूनं बिगरकडू काढलंय.

"दोन वरसं," एक म्हातारा बागवाला सावकाश म्हणाला. "दोन वरसं मी विळा स्वच्छ निघाला म्हणून देवाला नारळ फोडतोय."

सगळे एकदम बोलायला लागले. तात्या मात्र खुर्चीत खाली बघत होता. वैनी त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. हातात तो लाल विळा. तात्यानं खुर्ची थोडी मागं घेतली.

"तात्या, तुमच्या बागंत बी ह्यांचंच मोरचूद हाय न्हवं?"

"हाय."

"डावणी?"

"...थोडी हाय."

"माझ्याएवढी का थोडी?"

तात्यानं टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. "तुमच्यापरास जास्त हाय वैनी. कुणाला सांगितलं न्हाई."

"मग आता फोन तुम्हीच लावा कोईमतूरला. आत्ता. आणि मी हितं उभी हाय, मोठ्यानं बोला."

तात्यानं लावला. काय बोलला ते गर्दीत मला वरपर्यंत ऐकू आलं नाही, पण "वैनीचा हात चुकला न्हवता" एवढं त्याला दोनदा म्हणावं लागलं, कारण पहिल्यांदा वैनी म्हणाल्या, मोठ्यानं.

तेवढ्यात माझी शिडी हलली. खाली अण्णा. हार कुठं गेला होता कुणास ठाऊक.

"म्हाळू, उतर खाली," ते हळू आवाजात म्हणाले. म्हाळ्याचा म्हाळू झाला होता. "पैज माफ केली. मी जिंकलो, मीच माफ करतो. पुस ते."

"असं कसं अण्णा? शब्द म्हंजी शब्द."

"आरं मला फसीवलं वरच्या व्यापाऱ्यानं!"

"असंल. पर पाटीवर गॅरंटी तुमची हाय, वरच्या व्यापाऱ्याची न्हाई."

"म्हाळू, भिंत माझी हाय!"

"आणि हार माझी. गावासमोर हरलोय, फेडल्याशिवाय तोंड कसं दाखवू?" मी वरनं ओरडलो, "काय मंडळी? पैज फेडू का बुडवू?"

"फेड!" गाव ओरडलं. सगळ्यात मोठ्यानं तो नारळवाला म्हातारा.

अण्णांनी शिडीला हात घातला. पण तोवर दुसऱ्या बाजूनं कुणीतरी शिडी घट्ट धरली होती. तात्या. त्यानं अण्णांकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. नुसती धरून उभा राहिला.

मी ब्रश बुडवला आणि शेवटची ओळ काढली, सावकाश, प्रत्येक अक्षराला दोनदा रंग देऊन.

विळा लाल होत नाही.

स्टँडवर विट्याची एसटी येऊन थांबली. खिडक्यांतनं माणसं वाचायला लागली. मी मान तिरकी करून अक्षरं बघितली, ओळ सरळ आली होती.

"अण्णा," मी वरनं विचारलं, "खाली दुकानाचा फोन नंबर टाकू का?"